ताबा कुणाचा सुटला?

माननीय श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,



१२ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला आपण म्हणालात की, जगातल्या एखाद्या परिषदेत रस्ते अपघातांवर चर्चा निघाली की आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. खात्याची सूत्रं हाती घेतली तेव्हा अपघात निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. ते कमी होणं राहिलं बाजूला, उलट वाढलेच, हेही आपण आडपडदा न ठेवता सांगितलंत. मी ते टीव्हीवर ऐकलं आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिले. सभागृहात उभं राहून अपयशाची अशी कबुली द्यायला धैर्य लागतं. त्या धैर्यावर विश्वास ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

मी सत्तावीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. रात्री साडेअकराला पान सोडायची घाई असायची आणि नेमका तेव्हाच एखाद्या तालुका वार्ताहराचा फोन यायचा. "ताई, एक अपघात आहे, सिंगल घ्या." मी सिंगल कॉलम घ्यायची. नाव, वय, गाव, आणि मग ते वाक्य: 'चालकाचा ताबा सुटल्याने'. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, त्याची मोजदाद नाही. ताबा का सुटला, हे मी कधी विचारलं नाही. वार्ताहरालाही त्याची गरज वाटली नाही आणि पोलिसांनीही कधी सांगितलं नाही. ते वाक्य लिहिलं की बातमी पुरी व्हायची.

मग एका जानेवारीत माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गेला. एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. गळीत हंगाम ऐन भरात होता. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून निघालेला, मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालेलं, म्हणून रस्त्यातच उभा. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकाखाली उटी म्हणून दगड लावलेले आणि वाढं मागे हातभर लोंबत होतं. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला होता. चौथ्या दिवशी पहाटे दवाखान्यातच त्याचा मृत्यू झाला.

तेराव्यानंतर गुन्ह्याच्या कागदांची प्रत हाती आली. त्यात लिहिलं होतं की, मयत याने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली व स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला. आरोपीच्या रकान्यात माझ्या भाच्याचं नाव होतं. पुढे आरोपी मयत म्हणून ॲबेटेड समरी मंजूर झाली आणि प्रकरण बंद झालं. बहिणीनं मला एवढंच विचारलं, "म्हणजे गुन्हा त्याचाच होता का गं?"

साहेब, मला तिला उत्तर देता आलं नाही. निवृत्त झाल्यावर मी ते शोधू लागले. जगातल्या वेगवेगळ्या देशांनी आपापले रस्त्यावरचे मृत्यू कसे मोजले, कसे कमी केले, कुठे ते पुन्हा वाढले, हे मिळेल तिथून वाचत गेले. मला जे समजलं, ते आपल्यापुढे मांडते.

१९७० साली जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ माणसं गेली. फ्रान्समध्ये साधारण पंधरा हजार. आणि भारतात? आपल्याच मंत्रालयाच्या तक्त्यात त्या वर्षाचा आकडा १४,५०० च्या आसपास आहे. म्हणजे हे तीन देश एका रेषेवर उभे होते. आज जपानमध्ये वर्षाला २,७०० च्या आत माणसं जातात, फ्रान्समध्ये ३,२०० च्या आसपास. आपल्याकडे २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांहून जास्त गेली. त्या दोघांचा आकडा पाच-सहा पटींनी उतरला, आपला बारा पटींनी चढला.

लोकसंख्येचं काय, असं कुणीही विचारेल. म्हणून दुसरी तुलना देते, ती मला जास्त टोचते. जपानची लोकसंख्या आज साडेबारा कोटींच्या घरात आहे. महाराष्ट्राचीही जवळपास तेवढीच. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. आपलं एकटं राज्य आज तिथे उभं आहे, जिथे पंचावन्न वर्षांपूर्वीचा जपान होता.

आकड्यांची एक गोम इथेच सांगून टाकते. जपानचा हा आकडा अपघातानंतर चोवीस तासांत गेलेल्यांचा असतो. फ्रान्स २००४ पर्यंत सहा दिवस मोजत असे. आता बहुतेक जग तीस दिवस मोजतं. माझा भाचा चौथ्या दिवशी गेला. जपानच्या हिशेबात तो आला नसता, फ्रान्सच्या जुन्या हिशेबात आला असता. पण तीस दिवसांचा नियम लावला तरी जपानचा आकडा साडेतीन हजारांच्या आतच राहतो. आणि आपल्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आपल्या सरकारी आकड्याहून बराच वर, दोन लाखांच्या पलीकडे आहे. मोजणीतल्या फरकानं हे अंतर बुजत नाही.

आता त्या देशांनी केलं काय?

फ्रान्सच्या दक्षिणेला माझामे नावाचं एक छोटं शहर आहे. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रस्त्यांवर साडेसोळा हजारांहून जास्त माणसं मेली आणि माझामेची लोकसंख्या साधारण तेवढीच होती. १७ मे १९७३ रोजी टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी त्या शहरातली माणसं घराबाहेर आली आणि रस्त्यांवर, फुटपाथवर, चौकात आडवी झाली. दुकानदार, शाळेतली पोरं, म्हातारीकोतारी, सगळी. काही मिनिटं अख्खं शहर निपचित पडून राहिलं आणि कॅमेरा त्यांच्यावरून फिरत गेला. एका वर्षात रस्ता एवढी माणसं खातो, हे फ्रान्सनं घरात बसून पाहिलं. त्याच जुलैपासून तिथे शहराबाहेर सीटबेल्ट सक्तीचा झाला आणि वेगमर्यादा आल्या. मृत्यूंचा आलेख, जो तोवर वर्षानुवर्षं चढत होता, तो तिथून खाली वळला.

मी ते दृश्य कल्पनेत आणते तेव्हा आपली गावं आठवतात. आपल्याकडे एका वर्षात रस्त्यावर जाणारी माणसं झोपवायची म्हटली तर एखादं अख्खं जिल्ह्याचं गाव लागेल. साताऱ्यासारखं गाव, राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत, सगळं आडवं. आणि तेवढ्यानंही आकडा पुरा होणार नाही.

हॉलंडची गोष्टही त्याच वर्षांतली. १९७१ मध्ये तिथे तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर मोटारीखाली गेली. पुढच्या वर्षी त्यानं आपल्या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. मथळ्यात त्यानं 'अपघात' हा शब्द वापरला नाही. त्या मथळ्यातून चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि लोकांना मोटारींशिवायचा रस्ता पुन्हा दिसला. आज हॉलंडच्या सायकलमार्गांची जगभर वाहवा होते. पण ते रस्ते त्या लोकांच्या स्वभावातून आले नाहीत. एका बापाच्या रागातून आणि सरकारला तो राग ऐकावा लागला म्हणून आले. त्याचा लेख वाचताना मला माझ्या टेबलावरच्या शेकडो सिंगल कॉलम बातम्या आठवल्या आणि फार अपराधी वाटलं.

जपानची वाट वेगळी, सरकारी. तिथे लोक त्या काळाला 'वाहतूक युद्ध' म्हणत. १९७० मध्ये त्यांनी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली परिषद आणि १९७१ पासून पंचवार्षिक कार्यक्रम, प्रत्येकात आकड्यातलं लक्ष्य. पैसा फुटपाथ, कठडे, सिग्नल, शाळेच्या वाटा यांवर गेला, कारण मरणाऱ्यांत पायी चालणारे आणि मुलं फार होती. नऊ वर्षांत, १९७९ पर्यंत, आकडा साडेआठ हजारांच्या आत आला. निम्मा झाला, साहेब. आपण जे लक्ष्य ठरवलं होतं, नेमकं तेच. त्या नऊ वर्षांत तिथे वाहनं कमी झाली नाहीत, वाढतच होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऐंशीच्या दशकात जपान थोडा सैल झाला आणि १९९२ मध्ये आकडा पुन्हा ११,४५० च्या वर गेला. मग दुसऱ्यांदा कंबर कसावी लागली. तिथे २००७ पासून प्यायलेल्या चालकाबरोबर जो गाडीत बसतो, ज्यानं त्याला दारू दिली, ज्यानं गाडी दिली, त्या सगळ्यांना शिक्षा आहे. आलेख आपोआप उतरत नाही. उतरवावा लागतो आणि उतरल्यावर धरून ठेवावा लागतो.

स्वीडननं अपघात शून्यावर आणले, असं आपल्याकडे बऱ्याचदा सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि खरं आहे ते जास्त उपयोगाचं आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेनं 'शून्य मृत्यू' हे धोरण म्हणून मंजूर केलं. त्या वर्षी तिथे ५४१ माणसं गेली होती. अलीकडे दोनशे-सव्वादोनशे जातात. शून्य नाही. पण त्या ठरावाच्या मुळाशी जो विचार आहे, तो मला आमच्या घरी त्या जानेवारीत हवा होता. तो असा: माणूस चुकणारच. झोप येईल, लक्ष विचलित होईल, डोळ्यांवर झोत येईल. त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये, ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याची, वाहन बनवणाऱ्याची, नियम करणाऱ्याची. क्लाएस टिंगवाल हे त्या धोरणाच्या शिल्पकारांपैकी एक.

हा विचार रस्त्यावर कसा उतरला, ते सांगते. स्वीडनमध्ये लांब पल्ल्याचे रुंद रस्ते होते, दोन्हीकडची वाहतूक समोरासमोर, मध्ये नुसता पट्टा. ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका व्हायच्या. चार पदरी करायला पैसा नव्हता. १९९८ पासून त्यांनी त्याच डांबरावर तीन पदर आखले. काही अंतर एका बाजूला दोन पदर, मग तेच दुसऱ्या बाजूला. मध्ये पोलादी दोरांचा अडसर. ताबा सुटला तर गाडी दोराला जाऊन घासते, पत्रा चेपतो, माणूस उतरून फोन लावतो. अशा रस्त्यांवरचे मृत्यू तीन-चतुर्थांशांहून जास्त घटले. चालक तेच होते, गाड्याही त्याच, बर्फही तोच.

आणि एक गोष्ट. तिथे प्रत्येक मृत्यूची रस्ते खात्याकडून स्वतंत्र तपासणी होते. पोलिस गुन्हा कुणाचा ते बघतात. रस्ते खात्याची माणसं या जागी माणूस मेला का, ते बघतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे फक्त पहिला विचारला जातो.

शेजारच्या फिनलंडची राजधानी हेलसिंकी. जवळपास सात लाख लोकवस्ती. तिथे जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे, कारण त्या वेगानं धडकलं तर चालणारा माणूस बहुतेक वेळा वाचतो.

हे सगळं श्रीमंत देशांचं कौतुक आहे, असं कुणाला वाटेल. म्हणून अमेरिकेकडे बघा. १९७२ मध्ये तिथे साडेचोपन्न हजारांहून जास्त माणसं गेली. मग सीटबेल्ट, एअरबॅग, मोटारींचे कडक निकष आले आणि २०१४ पर्यंत आकडा पावणेतेहतीस हजारांच्या आसपास उतरला. पण २०२१ मध्ये तो पुन्हा ४३ हजारांच्या वर गेला. २००९ मध्ये चार हजारांच्या किंचित वर पादचारी मेले होते, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. मोटारी अवाढव्य झाल्या, गावातले रस्ते महामार्गासारखे रुंद आणि वेगवान, फुटपाथ तुटक. २०२३ मध्ये दर लाख लोकांमागे तिथे साधारण १२ माणसं रस्त्यावर मेली. आपला सरकारी आकडाही साधारण १२ आहे. जगातला सगळ्यात श्रीमंत देश आणि आपण, या एका बाबतीत शेजारी आहोत. पैशानं हे आपोआप सुटत नाही. मोठ्या गाड्या आणि रुंद रस्ते म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे अमेरिकेनं स्वतःच्या माणसांच्या जिवावर दाखवून दिलं आहे. आपण आज जे रस्ते बांधतो आहोत, ते कुठल्या वाटेनं चालले आहेत, हे मला आपल्याकडूनच ऐकायचं आहे.

आणि गरिबीनंही अडत नाही. व्हिएतनाम आपल्यासारखाच दुचाक्यांचा देश. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं झालं. तोवर मोठमोठ्या शहरांतही बहुतेक लोक उघड्या डोक्यानं फिरत. त्या दिवसापासून हेल्मेटचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. आपल्याकडे २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले पन्नास हजारांहून जास्त लोक दुचाकीवर गेले. आणि आमच्या पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले. २०१९ चा मोटार वाहन (सुधारणा) कायदा आपण मोठ्या कष्टानं मंजूर करून घेतलात, पण वाढीव दंड लावायला महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ उजाडू दिला. या बाबतीत दोष आपला एकट्याचा नाही. आम्हा मराठी लोकांनीही आपल्याच पोरांच्या डोक्यांशी खेळ केला आहे. माझ्या वर्तमानपत्रानं त्या मोर्चांची छायाचित्रं पहिल्या पानावर छापली. तेही मी विसरत नाही.

आता एका आकड्याबद्दल स्पष्ट बोलते. दर दहा हजार वाहनांमागचे मृत्यू आपल्या देशात कमी होत आहेत, असं सांगितलं जातं. गणित खरं आहे. पण वाहनं वाढली की हा दर कमी होतो, हे आर. जे. स्मीड या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्येच अनेक देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं. देशात दरवर्षी काही कोटी नव्या गाड्या रस्त्यावर आल्या, तर भागाकारातला खालचा आकडा फुगतो आणि दर उतरतो. माणसं मात्र मरतच राहतात, आणि जास्त मरतात. माझ्या बहिणीचा मुलगा गेला त्या वर्षी जिल्ह्यात किती नव्या मोटारी खपल्या, हे सांगून तिचं काही समाधान होणार नाही. कृपा करून तो दर संसदेतल्या उत्तरांत पहिल्या ओळीत ठेवू नये.

मरणाऱ्यांत असतं कोण, तेही आपल्या मंत्रालयाच्या अहवालातच आहे. जवळपास ४५ टक्के दुचाकीवाले, वीस टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. म्हणजे तिघांत दोघं मोटारीत नसतात. मोटारींना तारे देणारी भारत एनकॅप योजना आपण २०२३ मध्ये आणलीत, ती चांगलीच आहे. पण आमच्या घरी कार नव्हती. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत आणि मृत्यूंतला एक-तृतीयांशाहून मोठा वाटा त्यांच्यावरचा आहे. ते रस्ते थेट आपल्या अखत्यारीत येतात.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. आपले सहकारी गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीच्या रस्त्यावर गेले. नेते विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर. त्यानंतर तीन आठवड्यांनी उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर. प्रत्येक वेळी काही दिवस चर्चा झाली. सीटबेल्टवर बोललं गेलं, चालकावर बोललं गेलं, आणि विषय मिटला.

पण आपल्याकडे झालंच नाही असं नाही, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. त्याच पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून तो मार्ग 'शून्य मृत्यू'साठी हाती घेतला. प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन बघितलं. उघडे खांब, कठडे, झाडं जिथे गाडी जाऊन आदळते तिथे लोखंडी अडसर लावले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, रुग्णवाहिका जवळ आणल्या. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच, आपलेच. मुंबईचे, पुण्याचे, कोल्हापूरचे. भारतीय माणसाच्या अंगात शिस्तच नाही, असं म्हणणाऱ्यांना हा चौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता दाखवावा.

मार्च २०२५ मध्ये आपण स्वतःच म्हणालात की अपघातांना सदोष प्रकल्प अहवाल आणि ते करणारे अभियंते, सल्लागार मोठे जबाबदार आहेत. मग कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या रचनेतल्या वा देखभालीतल्या दोषानं माणूस मेला, तर जबाबदार कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला दंड आहे, जास्तीत जास्त एक लाख रुपये. कोट्यवधींच्या कंत्राटात एक लाख म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. आणि तो दंड मागायचा तर रस्त्याचा दोष होता हे आधी कुणीतरी नोंदवायला हवं. 'हयगयीने, अविचाराने, भरधाव' या तीन शब्दांत तो कुठे नोंदवणार?

अपघातप्रवण जागा ठरवायची आपली रीतही अशीच. सुमारे पाचशे मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, तेव्हा ती जागा यादीत येते. म्हणजे आधी माणसं मरायला हवीत, तीही एकाच ठिकाणी. उसाची ट्रॉली दर वेळी वेगळ्या जागी पंक्चर होते. माझा भाचा ज्या जागी गेला, ती कुठल्याही यादीत नाही आणि कधी येणारही नाही.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. रस्त्यावर गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मृत्यूची, गुन्ह्याच्या तपासापासून वेगळी अशी तपासणी व्हावी. रस्ता कसा होता, उजेड कसा होता, वाहन कसं होतं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला. ती तपासणी करणारी माणसं रस्ता बांधणाऱ्या खात्याची नसावीत. २०१९ च्या कायद्यात राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद आहेच, त्याला हा अधिकार द्या. तो अहवाल त्या माणसाच्या घरी, त्याच्या भाषेत पोचवा. देशाचं वर्षाचं लक्ष्य आकड्यात जाहीर करा, आणि वर्षअखेरीस जपानसारखा त्याचा हिशेब संसदेत द्या. आणि मेलेल्या माणसाला, पुरती चौकशी न करता, आरोपीच्या रकान्यात लिहिणं बंद करायला राज्यांना सांगा. आपण फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेला गेला होतात. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं तिथे ठरलं. त्याला आता थोडीच वर्षं उरली आहेत.

या बाबतीत दिवंगत प्रा. दिनेश मोहन यांची आठवण होते. दिल्लीच्या आयआयटीत त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. रस्त्यावरचं मरण म्हणजे नशीब नाही, शास्त्रानं अभ्यासायची आणि टाळायची गोष्ट आहे, हे ते सांगत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या सहकाऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं ज्ञान देशातच आहे, ते मागवायला परदेशी जायची गरज नाही.

आपण नागपूरचे. विदर्भात ऊस थोडा, त्यामुळे आमच्याकडचे हंगामातले रस्ते कदाचित रात्री पाहिले नसतील. एकदा या, रात्री दहानंतर, पोलिसांच्या गाड्यांशिवाय. माझ्या बहिणीच्या गावाजवळ फाट्यावर एक चहाची टपरी आहे, कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर तिथे थांबतात. बहीण आता पासष्टीची आहे. हंगामात ती रोज रात्री तिथे जाते. पिशवीत चमकणाऱ्या चिकटपट्टीची रिळं, कात्री आणि ट्रॉलीचा पत्रा पुसायला फडकं. चालक बहुतेक बीडकडची पोरं, वीस-बावीस वर्षांची. चहा होईस्तोवर ती ट्रॉलीच्या मागे जाते, पत्र्यावरची माती पुसते, लाल-पांढरी पट्टी लावते आणि वहीत ट्रॅक्टरचा नंबर लिहिते. अशा दोन वह्या भरल्या आहेत. मग दहा पावलं मागे जाते, मोबाइलचा टॉर्च लावून बघते आणि पोराला हाक मारते, "ये इकडं. इथनं बघ बरं, आता दिसतं का?"

कळावे.

आपली,
एक निवृत्त उपसंपादक